ताप उतरल्यानंतर

आमच्या वॉर्डात ताप उतरला म्हणून कुणी खूश झालेलं चिलवेरी सिस्टरांना चालायचं नाही. चार-पाच दिवस तापानं फणफणलेलं पोर एका सकाळी गार लागायचं, आई पदरानं डोळे टिपत "उतरला बाई एकदाचा" म्हणायची, आणि नेमक्या त्याच वेळी सिस्टर हातातलं काम टाकून त्या खाटेकडे निघायच्या. भरभर चालायच्या, पण धावायच्या कधीच नाहीत. "सिस्टर धावली की आया घाबरत्यात, आया घाबरल्या की पोरं रडत्यात, आणि रडणाऱ्या पोराची नाडी मोजून काय कळणार आहे?"

नर्सिंगची परीक्षा पास होऊन मी सोलापुरातल्या एका सरकारी दवाखान्यात लहान मुलांच्या वॉर्डात लागले, तेव्हा त्या तिथल्या इन्चार्ज होत्या. ठेंगण्या, सावळ्या, केसांचा घट्ट अंबाडा, डाव्या खांद्याशी पिन लावून अडकवलेलं घड्याळ. आम्हा नव्या पोरींची नावं त्या लक्षात ठेवायच्या नाहीत. गावाच्या नावानं हाक मारायच्या. मी करमाळ्याची, म्हणून "ए करमाळा, काय करायलीस?" बार्शीची एक होती, ती बार्शी. पहिले काही दिवस राग यायचा. नंतर कुणी माझ्या खऱ्या नावानं हाक मारली तर मीच दचकायला लागले.

सिस्टरांचे वडील मागावर टॉवेल विणायचे, आई विड्या वळायची. घरी तेलुगू. वॉर्डात मराठी. अक्कलकोटकडची बाई आली की कन्नड, आणि शहरातल्या मुसलमान बायकांशी दखनी. चारही भाषांत त्यांचा पहिला प्रश्न मात्र एकच असायचा: लेकरानं लघवी कधी केली? "अम्मा, बच्चा पेशाब कब किया?" असं त्या डब्यातली पोळी मोडता मोडता लांबूनच विचारायच्या. आईला नक्की सांगता आलं नाही की त्यांचा डबा बंद व्हायचा.

नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला ड्रेसिंगच्या खोलीत बोलावलं. एका हातात दवाखान्याचा धुतलेला नॅपकिन होता, दुसऱ्या हातात गॉजचा तुकडा. दोन्ही खिडकीच्या उजेडात धरले.

"ह्यातून काय दिसतंय?"

"नॅपकिनमधून काही नाही. गॉजमधून झाड दिसतंय."

"तुमी लोक हृदय, फुप्फुस, मेंदू सगळं पाठ करून येता. पण माणूस जगतो तो केसापेक्षा बारीक नळ्यांत. एवढ्या बारीक की रक्ताची पेशी एकामागं एक, रांगेत जाती. तिची भिंत म्हंजे हा नॅपकिन. रक्ताच्या दाबानं थोडं पाणी बाहेर पडतं, मांसाला साखर-प्राणवायू देतं. रक्तात प्रोटीन असतं, ते पाण्याला धरून ठेवतं, बाहेर गेलेलं बरंचसं आत ओढतं. उरलेलं दुसऱ्या नळ्या गोळा करून परत आणत्यात. जन्मल्यापासून हे चालू हाय, आणि कुणाला पत्ता नाही." मग त्यांनी नॅपकिन खाली ठेवला आणि गॉज माझ्या हातात दिलं. "डेंगीत ताप उतरायच्या सुमाराला भिंतीची वीण अशी सैल होती. पाणी जातं, त्याच्यासोबत प्रोटीन पण जातं. मग परत ओढणार कोण? पोटात पाणी, छातीत पाणी, आणि नळीत नुसतं दाट रक्त. पोरगं मात्र शुद्धीत असतं. बोलतं, खायला मागतं. आईला वाटतं, बरं झालं."

पुस्तकात मी हे वाचलेलं होतं, परीक्षेत लिहून मार्कही मिळवले होते. त्या दिवशी ते पहिल्यांदा कळलं.

मंगळवेढ्याकडचे एक मेंढपाळ त्यांचा सहा वर्षांचा मुलगा घेऊन आले होते. बिरप्पा नाव. चौथ्या दिवशी मुलाचा ताप गेला आणि बिरप्पांनी गाठोडं बांधायला घेतलं. डॉक्टरांनी नको म्हटलं होतं, पण ते ऐकायला तयार नव्हते.

"ताप न्हाय, पोरगं भाकर मागतंय. मेंढरं दुसऱ्याच्या भरवशावर टाकून आलोय सिस्टर. जाऊ द्या की आता."

मला वाटलं सिस्टर ओरडतील. त्या खाटेच्या कडेला बसल्या.

"जा की. कोण धरतंय तुमाला? पण आधी बोट द्या तुमचं."

बिरप्पांनी गोंधळून बोट पुढं केलं. सिस्टरांनी त्यांचं नख पाच आकडे होईपर्यंत दाबून धरलं. नख पांढरं पडलं. "आता सोडते. रंग परत येईस्तोवर मोजा."

"एक..." रंग आलाही.

"आता लेकाचं दाबा. तुमीच."

त्या राकट हातानं मुलाचं एवढंसं बोट धरलं, दाबलं, सोडलं. "एक. दोन. तीन. चार..." बिरप्पा थांबले. नख अजून पांढरंच होतं. त्यांनी मान वर केली. "ह्ये काय म्हणायचं सिस्टर?"

"रक्त बोटापर्यंत पोचंना झालंय. आत कमी पडायला लागलं की शरीर आधी हातापायाचं बंद करतं. पोरगं हसतंय म्हणून फसू नका. आजचा आणि उद्याचा दिवस माज्या हातात द्या."

बिरप्पांनी गाठोडं सोडलं. दोन दिवस सिस्टरांनी त्या मुलाची सलाईन तासातासाला कमी-जास्त केली. मुलगा घरी गेला. महिन्याभरानं बिरप्पा एक नवंकोरं घोंगडं घेऊन आले. सिस्टरांनी ते व्हरांड्यात, जिथं आया रात्रंदिवस बसून असायच्या, त्या बाकावर पसरून टाकलं.

पाणी देण्याएवढंच ते थांबवणंही महत्त्वाचं, हे आमच्या एका नवीन डॉक्टरांना उमगलं नव्हतं. एक मुलगी धोक्यातून बाहेर आली होती. तिच्या नळ्यांची वीण पुन्हा घट्ट झाली होती, बाहेर गेलेलं पाणी आपोआप आत येत होतं. सलाईन मात्र आदल्या दिवशीच्याच वेगानं चालू. सिस्टरांनी येऊन ती बंद केली.

"कुणाला विचारून बंद केली?" डॉक्टर तडकले.

"लेकरालाच विचारलं, सर. तिचा श्वास मोजा."

त्यांनी मोजला. परत एकदा मोजला. मग छातीला स्टेथोस्कोप लावला. फुप्फुसात पाणी भरायला लागलं होतं. पुढं वर्षभर ते सलाईनचा वेग लिहिण्याआधी सिस्टरांकडे एकदा बघून घ्यायचे. त्याही मान हलवायच्या, दुसऱ्या कुणाला कळू न देता.

त्या हरायच्या ते एकाच ठिकाणी. सोलापुरात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी. घरोघरी पिंपं, टाक्या, हंडे, आणि त्यात डासांच्या अळ्या. मूल घरी सोडताना सिस्टर प्रत्येक आईला पिंपं घासायला, झाकायला सांगायच्या. एकदा एका बाईनं शांतपणे विचारलं, "घासायचं म्हंजे पाणी वतायचं ना? मग चार दिवस प्यायचं काय?" ती गेल्यावर सिस्टर मला म्हणाल्या, "दर पावसाळ्यात हेच सांगते. ह्याचं उत्तर माज्याकडं नाही. आपण हितं एकेक पोर वाचवायचं आणि त्याच घरी परत धाडायचं."

सिस्टरांचे पती वारून बरीच वर्षं झाली होती. एकच मुलगी, लता. ती अक्कलकोटपलीकडं दुधनीला दिलेली, जावयाचं तिथं कापडाचं दुकान. लताची मुलगी श्रावणी, सात वर्षांची. आजीला अम्मम्मा म्हणायची. सुट्टीत आली की वॉर्डाच्या दाराबाहेर उभी राहून आम्हाला आमच्या गावांच्या नावानं हाका मारायची, अगदी आजीच्या आवाजात. सिस्टर तिला आत येऊ द्यायच्या नाहीत. पण कामात असल्या तरी त्यांचा एक कान दाराकडे असायचा.

कोरोना ओसरून दोनेक वर्षं झाली असतील. पावसाळ्याचे शेवटचे दिवस, वॉर्ड भरून वाहत होता, एका खाटेवर दोन-दोन मुलं. शुक्रवारी लताचा फोन आला, श्रावणीला ताप आहे. रविवारी सिस्टरांची साप्ताहिक सुट्टी होती. सकाळच्या गाडीनं दुधनीला जाऊन यायचं त्यांनी ठरवलं.

शनिवारी दुपारी मी त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले. रविवारी करमाळ्याला मला बघायला पाहुणे येणार होते. घरून सारखे फोन येत होते. मला श्रावणीचा ताप माहीत नव्हता. त्या घरचं वॉर्डात बोलायच्या नाहीत. मी म्हटलं, "सिस्टर, उद्याची सुट्टी मला द्याल? मी पुढच्या रविवारी तुमची ड्यूटी करते."

त्यांनी खांद्याचं घड्याळ उगीच सारखं केलं. क्षणभरच. मग म्हणाल्या, "जा की. चांगली साडी नेस."

मी गेले. त्यांनी रविवारी ड्यूटी केली.

मंगळवार, तापाचा पाचवा दिवस. दुपारी बाराला फोन आला, तेव्हा मी शेजारीच इंजेक्शनं भरत होते. सिस्टरांनी फोन कानाला लावला आणि त्यांचा चेहरा मला दिसला, म्हणून मी थांबले. लताचा आवाज फोनबाहेर ऐकू येत होता, आनंदानं फुटलेला. "अम्मा, ताप गेला बघ! घामाघूम झाली आणि आता झोपलीये शांत."

"लघवी कधी केली?"

"सकाळी... नाही, काल केली असंल. अम्मा, गाढ झोपलीये ती."

"पाय बघ. गार हायत का?"

"पंखा चालू आहे ना."

"लता, ऐक. उठव तिला. आत्ता गाडी कर आणि हितं आण. आत्ता."

पलीकडून लताच्या सासूबाईंचा आवाज आला. चार दिवसांनी लेकरू झोपलंय, उठवू नका; डॉक्टरनं काल तपासलंय; तुझ्या आईला सगळीकडं आजारच दिसतो. असंच काहीसं, निम्मं कन्नडमध्ये. सिस्टर पुन्हा पुन्हा "लता, निघ" एवढंच म्हणत राहिल्या. फोन बंद झाल्यावर मी म्हणाले, "सिस्टर, तुम्ही जा. मी बघते."

त्यांनी वॉर्डावरून नजर फिरवली. त्या दिवशी चार मुलं त्याच टप्प्यात होती, ताप नुकताच उतरलेली. आम्ही तीनच नर्स. "मी जाऊन काय करणार? तितं ना सलाईन, ना रक्त. ती हितं यायला पायजे." मग त्यांनी कोपऱ्यातली खाट रिकामी करून घेतली, स्वतः चादर घातली, सलाईन टांगली आणि त्या चौघांची बोटं दाबत फिरू लागल्या. एक वाजला, दोन वाजले. दर पंधरा मिनिटांनी फोन. "निघतोय अम्मा." तीन वाजता निघाले.

पाचला पोचले. जावयाच्या खांद्यावरून श्रावणीनं मान उचलली आणि "अम्मम्मा" म्हणाली. शुद्धीत होती. ओठ कोरडे. "नीळ्ळु," म्हणाली. पाणी. मनगटाला नाडी लागत नव्हती.

ज्या बाईनं आयुष्यात कुठल्याही बाळाची शीर पहिल्या टोचणीत चुकवली नव्हती, तिला त्या हातात शीर सापडेना. दोनदा टोचलं. मग त्यांनी सुई माझ्या हातात दिली आणि मागे सरकल्या. मलाही मिळाली नाही. शेवटी डॉक्टरांनी पायाच्या हाडात सुई घालून पाणी सोडलं. जेवढं आत जात होतं तेवढं बाहेर पाझरत होतं. पोट तट्ट फुगलं. जास्त द्यावं तर छाती भरत होती, कमी द्यावं तर रक्ताचा दाब घसरत होता. सिस्टरांना त्यातला प्रत्येक आकडा कळत होता. त्यांना कुणी काही खोटं सांगू शकत नव्हतं. लता मात्र सारखी विचारत होती, "अम्मा, आता बरी आहे ना?" आणि त्या नातीच्या केसांतून हात फिरवत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला श्रावणी गेली.

व्हरांड्यात लता भिंतीला टेकून बसली होती. सिस्टर तिच्याशेजारी बसायला वाकल्या, तेव्हा ती म्हणाली, "रविवारी तू आली असतीस तर सोबत घेऊन आली असतीस तिला." ओरडली नाही, रडलीही नाही. सिस्टर अर्ध्या वाकलेल्या तशाच राहिल्या, मग सरळ झाल्या. मी दारात होते.

तेराव्यानंतर सिस्टर कामावर आल्या. तोच अंबाडा, तेच घड्याळ. काम बिनचूक. फक्त शिकवणं थांबलं. नव्या मुली आल्या की "हिच्याकडं जा" म्हणून माझ्याकडे बोट करायच्या. मी गॉज उजेडात धरून सांगायला लागले की त्या खोलीतून बाहेर जायच्या.

त्या चार मुलांपैकी एका मुलीची आई तपासणीसाठी परत आली. मुलगी टवटवीत, दोन वेण्या घातलेली. आईनं सिस्टरांच्या हातात पेढ्यांचा पुडा दिला आणि पाया पडली. "तुमी त्या दिवशी हलला न्हाईत हिच्यापासून. देवच तुमी." सिस्टरांनी पेढा घेतला, तोंडात टाकला आणि मुलीला विचारलं, "शाळेत जातीस का?" ती गेल्यावर मोरीत जाऊन त्यांनी तो पेढा थुंकला. बराच वेळ चूळ भरत होत्या.

निवृत्तीला काही महिने उरले असताना मी धीर करून त्यांच्या घरी गेले. शहराच्या पूर्व भागातलं दोन खोल्यांचं घर, शेजारी यंत्रमागांचा अखंड खडखडाट. त्यांनी चहा केला. मी कप खाली ठेवला आणि म्हणाले, "सिस्टर, तो रविवार मी मागितला नसता तर..."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुला बघायला आले होते ते. ठरलं का तितं?"

"नाही. नकार आला."

"म्हंजे ते पण झालं नाही," त्या म्हणाल्या.

मग, मी विचारलेलं नसताना, म्हणाल्या, "ती चौघं घरी गेली. मी हितं थांबले म्हणून गेली, हे खरं हाय. लई प्रयत्न केला, पण एकाचं पण नाव आठवत नाही मला. नाव आठवलं असतं तर बरं झालं असतं."

लता येते का, असं विचारायची माझी हिंमत झाली नाही. भिंतीवर श्रावणीचा फोटो नव्हता. खिळा होता.

निवृत्तीच्या दिवशी त्यांनी समारंभ करू दिला नाही. दुपारची ड्यूटी पूर्ण केली, कपाटाची किल्ली माझ्याकडे दिली आणि रिक्षात बसून गेल्या. नंतर मी दोन-तीनदा फोन केला. "हाय की, बरी हाय," एवढंच बोलणं व्हायचं. मग माझं लग्न झालं, आणि तेवढंही राहून गेलं.

गेल्या नोव्हेंबरात सासऱ्यांना हयातीचा दाखला द्यायला बँकेत घेऊन गेले होते. पेन्शनवाल्यांची रांग लागली होती. टेबलाशी एक तरुण कारकून मोबाईल समोर धरून एकेकाचा चेहरा टिपत होता, आणि त्याच्यासमोरच्या खुर्चीत चिलवेरी सिस्टर बसल्या होत्या. केस पूर्ण पांढरे, अंबाडा सैल. अंगानं निम्म्या झालेल्या.

"मावशी, इकडं बघा. पापण्या मिटा, उघडा. हललात. परत."

त्यांनी परत पापण्या मिटल्या, उघडल्या.

"घेत नाही हो हे. उजेडाकडं तोंड करा. हां. परत एकदा."

तीन-चारदा झालं. त्या न कंटाळता सांगतील तसं करत होत्या. शेवटी मोबाईल वाजला. "झालं मावशी. गेला दाखला. आता वर्षभर काळजी नाही."

"वर्षभर?" त्यांनी विचारलं.

"पुढच्या नोव्हेंबरात यायचं परत."

त्यांनी मान हलवली, पिशवी उचलली आणि वळल्या. मी वाटेतच उभी होते. मला पाहून थांबल्या. ओळख पटली हे डोळ्यांत दिसलं, पण हसल्या नाहीत. मी पाया पडायला वाकले तर खांद्याला धरून थांबवलं.

"सासरे का?"

"हो."

त्यांची नजर खाली गेली होती. "पाय सुजलेत त्यांचे. दाखव कुणाला तरी."

मी खाली पाहिलं. सासऱ्यांच्या चपलेचा पट्टा दोन्ही पायांत रुतलेला होता. रोज घरात त्यांच्यासमोर वावरणाऱ्या मला, नर्सला, ते दिसलं नव्हतं. मी मान वर केली तेव्हा सिस्टर दारातून बाहेर, पायऱ्या उतरून उन्हात गेल्या होत्या.

"कोण गं ह्या?" सासऱ्यांनी विचारलं.

रांग पुढं सरकली. मी खाली वाकून त्यांच्या सुजलेल्या पायावर बोट दाबून बघितलं.